पिकअपच्या एसीचं प्रेशर: गाडी उभी असली की दोन्ही काटे वर जातात, नक्की काय समजायचं?

मालवाहू
नमस्कार मंडळी. डबल कॅब पिकअप आहे, डिझेल, एसीत आर-१३४ए गॅस. तक्रार अशी की गाडी पळत असली की एसी बरा चालतो, पण माल चढवायला उभी केली किंवा ट्रॅफिकमध्ये अडकली की थोड्या वेळात जाळीतून कोमट हवा यायला लागते आणि मग कंप्रेसर चालू-बंद, चालू-बंद सुरू होतं. गेल्या सीझनला एका वर्कशॉपमध्ये दाखवली होती, तिथं वजन वगैरे काही न करता गॅस कमी झालाय म्हणून अंदाजाने मारून दिला आणि तेव्हापासून त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच आहे.

आता स्वतःच गेज सेट घेतलाय, निळा-लाल-पिवळ्या पाइपचा (निळा काटा लो प्रेशरच्या बाजूचा, लाल हाय प्रेशरच्या). रीडिंग देतो.
सकाळी, गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड, बाहेर २६ अंश: दोन्ही काटे ८५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप).
दुपारी ३५ अंशात, इंजिन आयडलला, एसी फुल: निळा ५५, लाल ३१० आणि हळूहळू वरच चाललेला, ४०० च्या आसपास गेला की कंप्रेसरचा क्लच खट्कन सुटतो, काटा खाली येतो, परत क्लच लागतो, परत तेच.

बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस ५५० ग्रॅम एवढंच लिहिलंय, प्रेशर किती हवं ते कुठंच नाही. नॉर्मल आकडा किती असतो? आणि गॅस काढायचा का भरायचा?

पाना_१३
निळा ३० ते ४०, लाल २०० ते २५०. एवढं लक्षात ठेवा बास. तुमचं जास्त झालंय, पाइपच्या पोर्टमधली पिन दाबून थोडा थोडा गॅस सोडा, काटा जागेवर आला की थांबा.

गेजवाला
मालवाहू भाऊ, गॅस सोडू नका. निदान आत्ता तरी नाही. पाना भाऊंनी दिलेले आकडे चुकीचे नाहीत पण ते बाहेरचं तापमान न बघता वापरले की फसगत होते, आणि काटा बघून गॅस सोडणं किंवा भरणं ह्यातनंच निम्म्या गाड्यांचे एसी बिघडतात असं माझं मत आहे.

मुळात गेज काय सांगतो ते बघा. सिस्टीममध्ये द्रव आणि वाफ दोन्ही एकत्र असतात, तेव्हा प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, गॅस किती आहे ह्यावर नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच, आत थोडा द्रव उरला असेल तोवर प्रेशर तेवढंच, भरलेला असो की संपत आलेला. १३४ए साठी बंद गाडीत २० अंशाला ६८ पीएसआय, २५ ला ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३, असं ते चढत जातं. तुमचे २६ अंशाला ८५ म्हणजे बरोबर जिथं असायला हवं तिथंच आहे. ह्यावरून दोनच गोष्टी कळल्या, आत गॅस आहे आणि त्यात हवा फारशी शिरलेली नाही (हवा असती तर काटा ह्या आकड्याच्या बराच वर दिसला असता). ४०० ग्रॅम आहे का ७०० ग्रॅम ते ह्या रीडिंगवरून कुणाचा बापही सांगू शकत नाही.

आता चालू गाडीचं. तुमच्या गेजच्या डायलवर पीएसआयच्या आतल्या बाजूला बारीक आकड्यांची अजून एक-दोन वर्तुळं असतील, बऱ्याच जणांना ती कशासाठी आहेत तेच माहीत नसतं. ते त्या त्या गॅसचं तापमान आहे. निळ्यावर २८ पीएसआय म्हणजे शून्य अंश, ३५ म्हणजे साडेचारच्या आसपास, ४५ म्हणजे १० अंश. म्हणजे निळा काटा तुमच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस किती अंशाला उकळतोय ते सांगतोय. तुमचा ५५ म्हणजे कॉइल १४-१५ अंशाला, त्यातनं गार हवा येणार कुठून?

लाल बाजूला कंडेन्सरमधलं (ग्रिलमागची जाळी, जिथं गॅस उष्णता बाहेर टाकून द्रव होतो) तापमान कळतं. ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २५ अंश वर असलं की ठीक. ३५ अंशाच्या दुपारी कंडेन्सर ५५ ला असेल तर लाल काटा २०० च्या आसपास, ६० ला असेल तर २३० च्या आसपास. तुमचे ३१० म्हणजे ७२ अंश! म्हणजे कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकताच येत नाहीये. आणि गाडी पळाली की बरं होतं हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वाऱ्याची बोंब असणार. जादा गॅस हे दुसरं कारण असू शकतं पण आधी हवेचं बघा.

टेस्ट सोपी आहे. गेज लावलेला असू द्या, लाल काटा ३०० च्या वर गेला की ग्रिलमधून कंडेन्सरवर पाइपने हलकं पाणी मारा, जोरात नको, नाहीतर जाळीचे पातळ पत्रे वाकतील. काटा किती खाली येतो ते लिहा.

रानपाखरू
गेजवाला दादा, एक शंका. माझ्या सिंगल कॅबला मी लहान गॅसच्या कॅनबरोबर येतो तो एकच गेज लावला होता, लो साइडला, त्यावर हिरवा पट्टा असतो आणि त्यात काटा आला की झालं असं लिहिलेलं. तो भरवशाचा नाही का मग?

गेजवाला
ताई, एकट्या निळ्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. मालवाहूंचंच उदाहरण घ्या, त्यांचा निळा ५५ आहे, वर आहे, म्हणजे कॅनवाल्या गेजवर "जास्त" दिसणार. पण दुसऱ्या एखाद्या गाडीत कंप्रेसर आतून थकलेला असला तरी निळा असाच वर दिसतो, फक्त तिथं लाल खाली असतो. दोन्ही ठिकाणी निळा सारखाच आणि रोग अगदी वेगळे. त्यात कॅन लावताना कंप्रेसर नुकताच सुटलेला असेल तर निळा आपसूक वर दिसतो, लागला की खाली. कॅनवाला माणूस ह्यातला कुठला क्षण बघतो त्यावर तो भरणार का थांबणार हे ठरतं, आणि हिरव्या पट्ट्याला बाहेर २० अंश आहे का ४० ते कळत नाही. दोन्ही काटे आणि एक थर्मामीटर, ह्या तिन्हीशिवाय निदान करू नये.

डबलकॅब_डिझेल
+१ थर्मामीटरला. एक थर्मामीटर मधल्या जाळीत खुपसायचा आणि एक कंडेन्सरच्या समोर, कारण गाडी उन्हात तापलेली असेल तर ग्रिलसमोरची हवा मोबाईलवर दाखवतात त्यापेक्षा चांगलीच गरम असते आणि कंडेन्सरला तीच हवा मिळते.

बाकी रीडिंग घ्यायची पद्धतही लिहून ठेवतो, कारण जो तो आपापल्या पद्धतीने घेतो आणि मग आकडे जुळत नाहीत. आधी चष्मा आणि हातमोजे. हे गंमत म्हणून सांगत नाही, १३४ए उघड्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो, डोळ्यात थेंब उडाला तर डोळा गोठतो. मॅनिफोल्डचे (गेज बसवलेल्या ठोकळ्याचे) दोन्ही नॉब बंद करूनच पाइप लावायचे. जाड, गार पाइपवरचा पोर्ट तो लो साइड, बारीक आणि गरम पाइपवरचा हाय साइड, कपलरची साइजच वेगळी असते म्हणून अदलाबदल सहसा होत नाही. मग इंजिन दीड हजार आरपीएमवर, एसी फुल, ब्लोअर फुल, हवा आतल्या आत फिरणारी ठेवायची आणि दरवाजे उघडे म्हणजे लोड राहतो. पाच-दहा मिनिटं चालू द्यायचं आणि मगच काटे वाचायचे. सुरू केल्या केल्या जे दिसतं ते कामाचं नसतं.

आणि इंजिन चालू असताना लाल नॉब उघडायचा नाही म्हणजे नाही, पिवळ्या पाइपला कॅन लावलेला असताना तर अजिबात नाही. हाय साइडचं प्रेशर सरळ कॅनमध्ये घुसतं आणि कॅन फुटतो.

मालवाहू
पाणी मारून बघितलं. डोळ्यांदेखत लाल काटा ३२० वरून सरसर खाली, २२० ला येऊन थांबला आणि निळा ५५ वरून ४० वर. जाळीतली हवाही लगेच गार. पाणी थांबवलं की थोड्या वेळात परत वर चढायला लागला. म्हणजे कंडेन्सर आतून ब्लॉक नाहीये असं धरू का?

गेजवाला
हो, आतून तुंबलेला असता तर पाण्याने एवढा फरक पडला नसता. आता दोन गोष्टी बघा.

एक, कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधली फट. पिकअप कच्च्या रस्त्यावर जाते, चिखल, भुसा, पाचोळा कंडेन्सरच्या फटींतून आत जातो आणि रेडिएटरच्या तोंडावर चिकटून बसतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, आणि मधे सगळा थर. मागच्या बाजूने टॉर्च धरा आणि समोरून बघा, उजेड आरपार येतो का.

दोन, फॅन. तुमच्या इंजिनला पट्ट्यावरचा व्हिस्कस फॅन असेल तर त्याच्या क्लचमधलं सिलिकॉन तेल गळून गेलं की फॅन नुसता फिरत राहतो, हवा ओढत नाही. गरम इंजिन बंद करा आणि फॅन किती फिरतो ते बघा. चांगला असेल तर एक-दोन फेऱ्यांत थांबतो, गेलेला असेल तर गरागरा फिरत राहतो. मग हाताने फिरवून बघा (इंजिन बंद, किल्ली खिशात), जड लागला पाहिजे. क्लचच्या मधोमध तेलाचे काळे ओघळ दिसले तर खूण पक्की. समोर वेगळा इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो एसीबरोबर लागतो का तेही बघून घ्या, बऱ्याच गाड्यांत तो प्रेशर सेन्सरच्या सांगण्यावरून चालतो.

पाना_१३
गेजवाला दादा पटलं. पण समजा फॅन नीट असता आणि खरंच गॅस जास्त असता, तर पिन दाबून सोडायला काय हरकत?

गेजवाला
हरकत अशी की कुठं थांबायचं हे काटा सांगत नाही. शिवाय गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल उडून जातं, ते परत कुणी मोजून घालत नाही आणि पुढं कंप्रेसर जाम होतो. आणि हा गॅस हवेत सोडायची गोष्टच नाही, १३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट हवा तापवतो, पुष्कळ देशांत मुद्दाम सोडणं हा गुन्हा आहे. रिकव्हरी मशीन असलेल्याकडे जायचं, तो काढतो, वजन करतो, व्हॅक्युम मारतो आणि स्टिकरवर आहे तेवढा ग्रॅमवर तोलून भरतो. काटा नंतर बघायचा, भरलेलं बरोबर चालतंय का ते तपासायला.

निळालाल
ह्या धाग्यात माझंही एक घुसवतो, माफ करा. माझ्या पिकअपला निळा १२, लाल १२०, बाहेर ३२ अंश, आणि कंप्रेसर दोन-चार सेकंदाला लागतो-सुटतो. हे सरळ गॅस कमी ना?

डबलकॅब_डिझेल
दोन्ही खाली आणि चटचट लागतोय-सुटतोय, म्हणजे बहुतेक हो. लो प्रेशरचा स्विच त्याला तोडतोय, आणि तोडतोय तेच बरं, कारण गॅसबरोबरच तेल फिरतं, गॅस नसला की कंप्रेसर कोरडा चालतो. तो स्विच वायर जोडून बायपास करायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे गाडी देऊ नका.

पण "गॅस कमी" हे उत्तर नाही, गेला कुठं ते शोधा. कंप्रेसरच्या शाफ्टची सील, पाइपांच्या जोडावरच्या ओ-रिंगा, पोर्टमधली पिन आणि कंडेन्सरवर खडी लागून पडलेली बारीक भोकं. जिथं गळतं तिथं तेलाचा डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसते. साबणाचं पाणी, नाहीतर यूव्ही दिव्यात चमकणारा रंग, नाहीतर नायट्रोजन भरून प्रेशर धरतं का बघणं. गळती बंद करायचं औषध मिळतं कॅनमध्ये, ते घालू नका, व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं आणि रिकव्हरी मशीनही खराब करतं, बरेच जण अशी गाडी हातातच घेत नाहीत.

थंडगार
अजून दोन पॅटर्न, कुणाला तरी उपयोगी पडतील.

निळा शून्याच्या खाली व्हॅक्युममध्ये आणि लाल मध्यम: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅसचं प्रेशर पाडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) तुंबलाय. एसी सुरुवातीला नीट चालून मग बंद पडत असेल, बंद ठेवला की परत चालत असेल, तर आत पाणी आहे, ते व्हॉल्व्हच्या तोंडावर बर्फ होऊन बसतं. ड्रायर बदला आणि व्हॅक्युम निदान अर्धा तास तरी मारा. व्हॅक्युम फक्त हवा काढायला नसतो, त्या प्रेशरला पाणी साध्या तापमानाला उकळून बाहेर येतं, घाईघाईत मारला तर ते काम होतच नाही.

निळा ७०, लाल १३०, आणि रेस वाढवली तरी काटे जागचे हलत नाहीत: कंप्रेसरचे व्हॉल्व्ह गेले. पण थांबा, नव्या गाड्यांत व्हेरिएबल कंप्रेसर असतो, तो स्वतःच स्ट्रोक कमी-जास्त करतो आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह बिघडला तरी असंच चित्र दिसतं, अख्खा कंप्रेसर फेकायच्या आधी तो व्हॉल्व्ह तपासा. आणि हा कंप्रेसर नीट असला की निळा काटा जवळजवळ एकाच जागी बसून राहतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

रानपाखरू
नवीन पिकअपला माझे कपलर बसतच नाहीत, स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलंय, म्हणजे १३४ए ऐवजी वेगळाच गॅस. अ‍ॅडॅप्टर मिळतो म्हणतात.

थंडगार
ताई, अ‍ॅडॅप्टर नका घेऊ. कपलर मुद्दाम वेगळे केलेत की दोन गॅस एकमेकांत मिसळू नयेत. प्रेशरचे आकडे १३४ए च्या जवळपासच असतात म्हणून लोकांना वाटतं चालेल, पण हा गॅस थोडा का होईना पेट घेणारा आहे आणि त्याला त्याचंच मशीन लागतं. एकदा मिसळला की ती भेसळ रिकव्हर करायलाही कुणी तयार होत नाही.

भेसळीवरून सांगतो, बाजारात १३४ए च्या नावाखाली आर-४० (मिथाइल क्लोराइड) मिसळलेला गॅसही सापडलेला आहे. तो अ‍ॅल्युमिनियमबरोबर रिअ‍ॅक्शन करतो, आणि आपल्या कॉइल, कंडेन्सर सगळं अ‍ॅल्युमिनियमचंच. २०११ मध्ये जहाजांवरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट झाले ते ह्याच भेसळीमुळे, माणसं गेली त्यात. प्रेशर खऱ्या गॅससारखंच दिसावं अशीच ती भेसळ बनवतात, त्यामुळे गेजवर काहीच कळत नाही, गॅस ओळखायचं मशीन लागतं. म्हणून कॅन कुठून घेताय ते महत्त्वाचं.

मालवाहू
अपडेट देतो. टॉर्च मागून धरला तर खालच्या निम्म्या भागातून उजेडच आला नाही. रेडिएटर सोडवून मागं घेतला तेव्हा दिसलं, दोन्हींच्या मधे वाळलेला चिखल आणि गवताच्या काड्यांचा घट्ट थर, अक्षरशः गादी, बोटाने सोलून निघत होता. फॅनही गेलेला, गरम इंजिन बंद केल्यावर फिरतच राहिला आणि हाताला एकदम हलका. क्लच बदलला, सगळं धुतलं, वाकलेले पत्रे कंगव्याने सरळ केले.

नंतरचं रीडिंग, बाहेर ३३ अंश, दीड हजारावर: निळा ४२, लाल २६५. क्लच आता सुटत नाही. पण तुमच्या हिशोबाने लाल अजून जास्तच आहे ना?

गेजवाला
हो. २६५ म्हणजे कंडेन्सर ६६ अंशाला, बाहेरच्यापेक्षा ३३ ने वर. हवा आता नीट मिळतेय तरी एवढं आहे म्हणजे आता जादा गॅसचा संशय घ्यायला जागा आहे. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्या अडवून बसतो आणि गार करायला जागाच कमी उरते. काढून वजन करून घ्या.

मालवाहू
केलं. मशीनने काढला तर स्टिकरपेक्षा दीडशे ग्रॅमहून जास्त निघाला! अर्धा तास व्हॅक्युम मारला, तेवढाच वेळ काटा धरून ठेवला, हलला नाही. मग ५५० तोलून भरला, आणि काढताना जेवढं तेल आलं तेवढं मोजून परत घातलं.
आता ३३ अंशात: निळा ३३, लाल २१०, मधल्या जाळीत ८ अंश. आयडलला लाल २३० पर्यंत जातो आणि तिथंच थांबतो. काल भर दुपारी तासभर माल चढवत होतो, दोघं पोरं केबिनमध्ये आरामात बसलेली. गेजवाला दादा, डबलकॅब भाऊ, थंडगार, मनापासून आभार.

पाना_१३
मस्त झालं. आता पाइप काढताना कसे काढायचे? मला दर वेळी हाय साइडला फुस्स होऊन हातावर उडतं.

डबलकॅब_डिझेल
इंजिन चालू असताना लाल पाइप काढत असाल. एसी आणि इंजिन बंद करा, लाल खाली आणि निळा वर येऊन दोघं जवळ येईपर्यंत थांबा आणि मग कपलरचा नॉब पूर्ण उलटा फिरवून पिन मोकळी झाली की एका झटक्यात ओढून काढा. मग पोर्टवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून बुडबुडे येतात का बघा, पिन कधीकधी नीट बसत नाही. आणि प्लास्टिकची कॅप न विसरता लावा, पिन जरा पाझरत असली तर पुढचं सगळं त्या कॅपमधल्या रबरी रिंगेवरच अवलंबून असतं.

मालवाहू
कॅप आत्ताच बघून आलो, हाय साइडच्या कॅपमधली रिंग चपटी होऊन तडकलीये. उद्या दोन्ही नव्या आणतो.